कोळशाच्या सडकेवरची झाडेही बघा

माननीय संपादक,
स. न.

हवेच्या प्रदूषणाने शहरातील झाडांच्या पानांचे काय होते, यावरचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. वणी-घुग्घुस या कोळसाखाणींच्या पट्ट्यातल्या आम्हा खेडुतांना हे रोजच दिसते. शहरात गाड्यांचा धूर, इथे कोळशाचे ट्रक.

दिवाळीनंतर सडकेकडेच्या सागाचे पान हाती घेऊन पाहा. पान मुळात खरखरीत, त्यामुळे काळी भुकटी शिरांच्या खाचांत बसते. वरून पहाटेचे दव पडले की तिचा लेप होतो आणि उन्हाने वाळून घट्ट धरतो. बोटाने पुसला, तरी खालचे पान पिवळटच निघते. पिंपळाचे पान गुळगुळीत आणि सदा हलणारे, म्हणून त्यावर थर कमी.

लेपाने उजेड अडतो. बारीक कणांनी पर्णरंध्रे बुजली की पानाला कार्बन डायऑक्साइड कमी मिळतो, पाण्याची वाफही बाहेर पडत नाही आणि पान तापते. कोळसा जळतो तिथे सल्फर डायऑक्साइड असतोच. तो रंध्रांतून आत शिरून ओल्या पेशींत आम्ल होतो आणि हरितद्रव्य नासवतो.

पऱ्हाटीचेही तेच. वर फुटलेल्या बोंडातला कापूस काळवंडतो आणि व्यापारी भाव पाडतो, ते वेगळेच.

तक्रार केली की उत्तर ठरलेले: हरितपट्टा करू, झाडे धूळ अडवतील. झाडे जरूर लावा, आम्ही पाणी घालू. पण पानांनी अडवायची तरी किती? भुकटीने माखलेले रोप दोन पावसाळे तगत नाही. धूळ उठते तिथेच थांबवली पाहिजे. ट्रकवर ताडपत्री नुसती टाकलेली नको, चारही बाजूंनी बांधलेली हवी. सांडलेला कोळसा रोज उचलावा, नाहीतर पाणी मारूनही नुसता चिखल होतो.

2019 पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातून चंद्रपूर, नागपूर, अमरावती, अकोला ही शहरे आहेत. ज्या खेड्यांतून कोळसा जातो, ती नाहीत. हा अन्याय आहे. येत्या हिवाळ्याआधी या सडकेवरच्या एका तरी गावात हवा मोजण्याचे यंत्र बसवावे आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी, ता. वणी, जि. यवतमाळ