माझ्याविरुद्ध दावा जिंकलेल्या वकीलसाहेबांना

वकीलसाहेब,
सादर नमस्कार.

काल वकिलीची सनद मिळाली. घरी आल्या आल्या तुम्हाला फोन केला, पण फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, आता परीक्षेचं बघा" म्हणून विषय बदलता. कालही तेच केलंत. म्हणून हे उघड पत्र. यात तुमच्याकडून काही बोलायची सोय नाही. नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी एक सांगायला हवं. तुम्ही माझे वकील नव्हता, समोरच्यांचे होता. वाटणीच्या दाव्यात चुलतभावांच्या बाजूने तुम्ही उभे होता, निकाल आमच्या विरोधात लागला आणि त्यात तुमच्या तयारीचा मोठा हात होता. चार वर्षं मी प्रत्येक तारखेला वही घेऊन मागच्या बाकावर बसायची. आमचे वकील म्हणायचे, "तुम्ही कशाला येता? काही लागलं तर कळवतो." कळवलं कधीच नाही.

माझा उलटतपास तुम्ही घेतलात. निशाणी ३४, म्हणजे पुराव्यातला त्या नंबरचा कागद, समोर धरून एका सहीबद्दल विचारलंत. मी म्हटलं, ती सही निशाणी ३७ वर आहे, ३४ वर नाही. आमच्या वकिलांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. तुम्ही मात्र कागद उलटून पाहिले आणि म्हणालात, "साक्षीदारांचं बरोबर आहे, चूक माझी." आणि मग पुढच्याच प्रश्नात मला असं अडकवलंत की अजून आठवलं तरी कान गरम होतात.

निकालानंतर मी निकालाच्या नकलेसाठी कोर्टातल्या खिडकीपाशी उभी होते. तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, "ताई, अपील करणार आहात? करणार असाल तर तुमच्याशी बोलणं मला बरोबर नाही." समोरच्या पक्षकाराला वकील असताना त्याच्याशी परस्पर बोलू नये हा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, आचारनियम आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हटलं, नाही करणार, पैसेही संपले आणि भांडणही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग विचारतो. चार वर्षं बघतोय तुमची वही. तुम्ही कायदा का शिकत नाही?"

तुम्हाला वाटलं असेल एक साधा प्रश्न विचारला. मला रडू आलं होतं, कारण तो प्रश्न मी त्याआधी वर्षभर दारोदार घेऊन फिरत होते. एका करिअर मार्गदर्शनवाल्यांनी फी घेऊन माझी संगणकावर चाचणी घेतली, रंगीत आलेख दिला आणि वर सांगितलं, "कल कायद्याकडेच आहे, पण तिशी ओलांडल्यावर लॉ करता येत नाही." (मग चाचणी कशाला घेतलीत?) एका क्लासमध्ये बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचं पत्रक हातात ठेवलं. मी सांगतेय मी पदवीधर आहे, सदतीस वर्षांची आहे, पण त्यांच्याकडे दुसरं पत्रकच नव्हतं. एकाने "हजेरीचं आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त परीक्षेला या" असा मार्ग दाखवला. ओळखीतल्या एका वकिलांनी तर एकच विचारलं, "घरात कोणी वकील आहे?" नाही म्हटल्यावर त्यांनी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ऐकवली. ते स्वतः तीस वर्षं ती पायरी रोज चढतायत.

हे सगळं मी तुम्हाला त्या खिडकीपाशी भडाभडा सांगितलं. वय जास्त, पदवी मुक्त विद्यापीठाची, वर हिशेबाची नोकरी. जमेल का?

आणि तुम्ही म्हणालात, "मला नक्की माहीत नाही. आमच्या वेळचे नियम वेगळे होते. उद्या संध्याकाळपर्यंत विचारून सांगतो."

साहेब, हे पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे. वर्षभर मला भेटलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. खात्रीने सांगत होते आणि चुकीचं सांगत होते. तुमच्या वकिलीला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. तुम्ही काहीही ठोकून दिलं असतं तरी मी मान डोलावून घरी गेले असते. तुम्ही खिशातला त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांच्या यादीचा कागद, काढलात, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझा नंबर लिहिलात आणि खाली "१) वय २) मुक्त" एवढंच. मला वाटलं, झालं, हा कागद संध्याकाळी रद्दीत जाणार.

दुसऱ्या दिवशी सातला तुमचा फोन आला. वयाची अट बार कौन्सिलने २०१६ मध्ये पुन्हा आणली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली. मला तिशीचा नियम ऐकवला गेला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. मुक्त विद्यापीठाच्या पदवीचं तुम्ही सांगितलंत की दहावी-बारावी रीतसर केली असेल तर अडचण नाही. शाळा न करता थेट पदवी घेतलेल्यांना मात्र नियम आडवा येतो. माझी बारावी झालेली होती. मग म्हणालात, "नोकरीचं मात्र मी गोड बोलणार नाही. वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळातच भरवायचे असा नियम आहे आणि प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते. सकाळचं कॉलेज बघा आणि आधी मालकांशी बोला. हजेरी बघून घेतो म्हणणाऱ्याच्या दारात उभ्या राहू नका."

तो फोन अकरा मिनिटांचा होता. मी नंतर मोबाइलमध्ये बघितलं.

आणखी एक गोष्ट तुम्ही करायला लावलीत, जी कुठल्याही मार्गदर्शकाच्या आलेखात नव्हती. "प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायच्या आधी आठ दिवस रजा काढा आणि कोर्टात बसा. युक्तिवाद ऐकायला नको. सकाळचा पहिला तास बघा. पुकारा, गैरहजर, पुढची तारीख, समन्स बजावलं नाही, पुढची तारीख. ते बघून कंटाळा आला तर हा धंदा तुमचा नाही. वाद घालायला सगळ्यांनाच आवडतं." मी बसले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की कुठल्या प्रकरणात काय राहिलंय हे मी वहीत लिहायला लागले होते. कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "भरा अर्ज."

कोर्टात उभं राहणं जमलं नाही तरी कायद्याच्या पदवीला दारं पुष्कळ आहेत, हेही तुमच्याकडूनच कळलं. कंपन्यांचे कायदा विभाग, करारांचे मसुदे, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणातलं काम, निकालांचं भाषांतर. हिशेब येणाऱ्या बाईला कराच्या कामात वाव आहे हे मला आधी कोणीच सुचवलं नव्हतं. मी न्यायाधीशाच्या परीक्षेचं काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी वकिली करा, मग बसा. मला तेव्हा ते थोडं झोंबलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, तेव्हा तुमचा निरोप आला नाही. दुसऱ्या कोणी "बघा, मी म्हटलं होतं" असं नक्की पाठवलं असतं.

कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या तीन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. झोप कमी मिळाली, बस. वर्गातली मुलं मला आधी मॅडम समजून उभी राहायची. भारतीय दंड संहितेची कलमं पाठ करून झाली आणि १ जुलै २०२४ ला तिच्या जागी नवी न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८. शिवी मात्र अजून चारशेवीसच आहे, ती बदलायला कोणी धजावलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी सनदेच्या फीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कायद्यात लिहिलेल्या साडेसातशे रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे) जास्त नोंदणी फी राज्यांच्या बार कौन्सिलांनी घ्यायची नाही. त्याआधी कितीतरी ठिकाणी ती हजारोंत जायची. मी तोवर वेगळ्या डब्यात पैसे साठवत होते. तुम्ही निकालाची प्रत पाठवलीत आणि खाली चारच शब्द: "पूर्ण वाचा, बातमी नको." वाचला. माझ्यासारख्या पहिल्या पिढीतल्यांना जादा फी दाराबाहेर ठेवते, हा विचार एवढ्या मोठ्या न्यायालयाने मांडलेला पाहून मला त्या "घरात कोणी वकील आहे?" विचारणाऱ्या गृहस्थांची आठवण झाली. प्रत त्यांनाही पाठवावी असं वाटलं. पाठवली नाही, पण वाटलं.

मी खूप विचार केला की तुम्ही हे का केलंत. तुमचा काही फायदा नव्हता. तुमच्या अशिलांना कळलं असतं तर त्यांनी नाकच मुरडलं असतं. लोक वकिलांबद्दल काय काय बोलतात, मीही बोलले आहे, आमच्या तारखा वाढत होत्या तेव्हा तर तुमच्याबद्दलसुद्धा. पण सभ्य माणूस मी त्या इमारतीत पाहिला तो समोरच्या बाकावर. चूक झाली तर चूक म्हणणारा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणणारा, आणि उद्या म्हटलं की उद्याच फोन करणारा. यातलं कुठलंच फार अवघड नाही. मग इतकं विरळ का असतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

सनद मिळाली तरी वकिली चालू ठेवायला लागणारी बार कौन्सिलची परीक्षा अजून व्हायची आहे. टिपणं नसलेली कायद्याची पुस्तकं आत नेता येतात म्हणून सगळे सोपी म्हणतात. मला पुस्तक उघडं असलं की जास्त भीती वाटते, कुठलं पान उघडायचं हेच तर विचारलेलं असतं. ती पार पडली की एका ज्येष्ठ बाईंकडे ज्युनिअर म्हणून कामाला लागेन. त्यांच्याकडची बरीचशी कामं दिवाणी आहेत, आणि दोनांत समोर तुम्ही आहात असं त्यांनी परवाच सांगितलं.

तेव्हा साहेब, येताना निशाण्यांचे नंबर तपासून या.

तुमची कृतज्ञ,
निशाणी ३७ वाली साक्षीदार