अश्वगंधा मोडून बघण्यापेक्षा टेस्ट करून घ्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्याकडे बुलढाणा जिल्ह्यात दीड एकर अश्वगंधा असते, आणि मी स्वतः एका लॅबमध्ये काम करतो, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत तर लिहावंसं वाटलं. मुळ्या विकायला नेल्या की व्यापारी एक मुळी उचलतो, कट्कन मोडतो, आतून पांढरी आणि भरीव दिसली की वरचा भाव, बारीक असली की बाजूच्या ढिगात. पण मुळी पांढरी अन भरीव दिसते ती स्टार्चमुळे! औषधाचा गुण ज्याच्यामुळे मानतात ते विथॅनोलाइड डोळ्यांनी दिसतच नाहीत.

विथॅनोलाइड म्हणजे वनस्पतीतले स्टेरॉइडच. घाबरू नका, जिमवाली इंजेक्शनं नाहीत ही, फक्त रेणूचा सांगाडा स्टेरॉइडचा, 28 कार्बनचा. ते मोजायचे तर मुळीच्या पुडीचा मिथेनॉल या द्रावकात अर्क काढून, गाळून तो एचपीएलसी मशीनला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावायचा, 227 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात एकेक घटकाचा ग्राफवर वेगळा उंचवटा येतो. मागच्या वर्षी घरच्या मुळ्यांची पूड मी तशी लावून बघितली तर व्यापाऱ्याने बाजूला टाकलेल्या बारीक मुळ्यांत विथॅनोलाइड जाड मुळ्यांपेक्षा जास्त निघाले. वडील तो ग्राफ हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, म्हणाले, मग एवढी वर्षं आपण ह्या कमी भावात देत आलो का रे?

नुसता "टोटल विथॅनोलाइड इतके टक्के" असा एक आकडा देऊन मात्र भागणार नाही. काही ठिकाणी अर्क सुकवून वजन करतात, त्यात बाकीचं पण बरंच मोजलं जातं आणि आकडा उगाच फुगतो. दुसरं म्हणजे पाला. पानांत विथाफेरिन ए भरपूर असतं, तेही एक विथॅनोलाइडच, पाला मुळ्यांपेक्षा स्वस्त, तो मिसळला की टोटल वाढते आणि कागदावर माल एकदम भारी दिसतो. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये कंपन्यांना पानं वापरू नका असं सांगितलंय, पण भेसळ पकडायची तर विथाफेरिन ए आणि विथॅनोलाइड ए (ह्याच गटातला दुसरा घटक) वेगवेगळे मोजायलाच हवेत, कारण पाला मिसळला की त्यांचं प्रमाणच बिघडतं. प्रामाणिक शेतकऱ्याने नुसत्या मुळ्या द्यायच्या आणि पाल्यावाल्याचा आकडा त्याच्यापेक्षा मोठा यायचा, हे फार वाईट आहे हो.

मशीन महाग असतं, प्रत्येक बाजार समितीत येणार नाही हे मला कळतं. पण विद्यापीठांत, फार्मसी कॉलेजांत ती आहेत ना! सरकारने शेतकऱ्याचं सॅम्पल तिथे कमी फीमध्ये घ्यायची सोय करावी, रिपोर्टवर प्रत्येक घटक वेगळा लिहावा, कोणत्या पद्धतीने मोजलं तेही लिहावं आणि कंपन्यांनी त्या रिपोर्टवर भाव द्यावा. आमच्या मुळ्या जानेवारी-फेब्रुवारीत निघतात, त्याच्या आत निदान एका जिल्ह्यात तरी हे चालू करा ही विनंती.

आपला,
एक अश्वगंधा उत्पादक, जि. बुलढाणा