प्रार्थनेच्या आडून होणारी बदनामी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांनी आपसात कसं वागू नये, यावरचा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. मत्सर नको, राग धरू नका, मोठेपणा मिरवू नका, चुगल्या करू नका. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो चुगल्यांच्या परिच्छेदाला. लेखकमहाशयांनी तो अख्खा भगिनींच्या माथी मारला आहे आणि आधाराला १ तीमथ्य ५:१३ दिलं आहे, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, घरोघर फिरणाऱ्या तरुण विधवांबद्दलचं. वचन आहे, ते मी नाकारत नाही. पण मग त्याच नव्या करारातलं योहानाचं तिसरं पत्र कुठे गेलं? जेमतेम एका पानाचं ते पत्र. त्यात दियत्रफेस आहे, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या मानाची हौस असलेला पुरुष. योहान लिहितो की तो आमच्याविरुद्ध वाईटसाईट बोलत सुटतो, आलेल्या बंधूंना स्वतः घरात घेत नाही, आणि जे घेऊ पाहतात त्यांना अडवून मंडळीबाहेर काढतो. जीभही त्याचीच आणि अधिकारही त्याच्याच हातात. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्या जिभेने घर उद्ध्वस्त होतं. हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहायला बसले.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तिला मारायचा. तिने पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी धीर करून मंडळीच्या पंचांपैकी एका बंधूंना सांगितलं, एकांतात, आणि म्हणाली, "हे आपल्यातच राहू द्या, फक्त प्रार्थना करा." पुढच्याच प्रार्थनासभेत ते बंधू उभे राहिले. डोळे मिटून, हात वर करून त्यांनी प्रभूला सांगायला सुरुवात केली की, आमच्या एका बहिणीचं घर मोडायला आलं आहे, तिला नम्र कर, तिला पतीच्या अधीन राहण्याचं मन दे. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. संडे स्कूलच्या लेकरांना शिकवणारी बहीण, एवढं त्यांनी प्रार्थनेतच सांगून टाकलं होतं. माझी बहीण दुसऱ्या ओळीत बसली होती, शेजारी तिचा मुलगा. मी तिच्या मागेच होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असायला हवे होते, पण माना एकेक करून तिच्याकडे वळत गेल्या. पोराने गायनपुस्तक उघडून तोंडासमोर धरलं आणि "आमेन" होईपर्यंत खाली केलं नाही.

हे सगळं तिला विचारूनच लिहीत आहे. पहिला मसुदा तिला वाचून दाखवला, तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. त्या बंधूंनी एवढंच केलं असतं तरी पुरे झालं असतं.

संपादक महोदय, लेखकमहाशयांच्या 'नको'च्या यादीत हे कुठेच नाही. "प्रार्थनेचा विषय आहे" असं म्हटलं की आमच्याकडे दुसऱ्याच्या घरातलं काहीही चारचौघांत बोलायला मुभा मिळते. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं, कारण तो निंदा ऐकत नसतो, तो भार वाहत असतो! नीतिसूत्रे ११:१३ सांगतं की चहाडखोर गुपित फोडतो आणि विश्वासू माणूस ते झाकून ठेवतो. शेवटी आमेन म्हटलं तर गुपित फोडलेलं चालेल, अशी सवलत त्या वचनात मला तरी सापडली नाही.

तिथेच थांबलं नाही. पुढच्या महिन्यात तिचा वर्ग काढून घेतला. तिला बोलावलं नाही, विचारलं नाही. फळ्यावर नवी यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. कारण विचारायला गेले तेव्हा मला ऐकवण्यात आलं, "लोक बोलतायत, ताई." कोण लोक? त्याला उत्तर नाही. या "लोक बोलतायत"चा मला फार राग आहे. पौलाला करिंथ शहरातल्या मंडळीच्या भांडणांची बातमी कळली, तेव्हा ती कुणाकडून कळली ते त्याने पत्रात लिहिलं: ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून. १ करिंथ १:११ काढून पाहा. ज्यांच्याबद्दल ऐकलं त्यांनाच लिहिलं आणि सांगणारे कोण तेही लिहिलं. प्रेषित पेत्र अंत्युखिया शहरात चुकला, यहूदी नसलेल्या बंधूंच्या पंगतीतून माघारी सरला, तेव्हा पौल त्याला तोंडावर बोलला, सगळ्यांसमोर. कारण पेत्राचं वागणंही सगळ्यांसमोरचंच होतं. युवदीया आणि सुंतुखे या दोन भगिनींचं पटत नव्हतं, तर फिलिप्पैच्या पत्रात दोघींची नावं घेऊन दोघींनाही विनंती केली आणि जवळच्या सोबत्याला त्यांना मदत करायला सांगितलं. पण भांडण कशावरून होतं, याबद्दल एक अक्षर नाही. पुढच्याच ओळीत मात्र या दोघींनी सुवार्तेसाठी माझ्याबरोबर श्रम केले, हे त्याने आवर्जून लिहिलं. आज इतक्या शतकांनी आपल्याला त्या दोघींचं काम ठाऊक आहे, कागाळी ठाऊक नाही. माझ्या बहिणीचं उलटं झालं. तिने इतकी वर्षं लेकरांना शिकवलं, ते कुणी बोलत नाही.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय. लेखात ते एका वाक्यात उरकलं आहे: भावाशी बिनसलं तर एकांतात जाऊन बोला. आमच्या पंचांनीही नेमकं हेच वचन बहिणीपुढे ठेवलं. म्हणाले, "शास्त्राप्रमाणे तुम्ही दोघांनीच बसून मिटवा." मारणाऱ्याच्या समोर तिला एकटीला बसवायला निघाले होते! बरं, ते दोघांचंच होतं, तर सभेत हात वर करून सगळ्यांना कशाला सांगितलं? वचन पंधराव्यापाशी संपत नाही. सोळाव्यात एकदोन जण सोबत न्यायला सांगितलं आहे, साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की व्हावी म्हणून. सतराव्यात मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा होवो, असं आहे. अन्याय करणाऱ्याला जाब विचारायची ती वाट आहे. आम्ही तिची पहिली पायरी सोसणाऱ्याच्या गळ्यात बांधतो आणि पुढच्या दोन पायऱ्या वाचतच नाही. त्याच अध्यायात वर, सहाव्या वचनात, लहानांतल्या एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असं येशू बोलला आहे. ते वाचलं की मला गायनपुस्तकाआड लपलेला तो मुलगा आठवतो. तो आता उपासनेला यायला तयार नाही. त्याच्यावर जबरदस्ती करायची माझी हिंमत नाही.

तिच्या नवऱ्याचं काय झालं, असं वाचक विचारतील. काही नाही. तो पुढच्या बाकावर बसतो. दानाच्या यादीत त्याचं नाव वरती असतं आणि वार्षिक सभेत ते मोठ्याने वाचलं जातं. याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, सोन्याची अंगठी घालून सभेत आलेला माणूस आहे. त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला "तू तिथे उभा राहा". तोंड पाहून वागणं म्हणजे पाप, असं याकोब नवव्या वचनात सरळ लिहितो. यावर उपदेश मी अनेकदा ऐकला आहे. बाकावरचा माणूस मात्र हललेला पाहिला नाही.

क्षमेचं म्हणाल, तर सातदा नव्हे, साताच्या सत्तर वेळा, हे मलाही पाठ आहे आणि माझ्या बहिणीलाही. ती मनात काही धरून बसलेली नाही. पण तिच्याकडे क्षमा मागायला अजून एकही जण आलेला नाही. सगळे तिला क्षमा करायला सांगायलाच येतात. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं येशूने सांगितलं (मत्तय ५:२३-२४). इथे उठून जायचं आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. प्रभुभोजनाच्या रविवारी त्या पंचांना हे वचन आठवत असेल का, हा माझा त्यांना प्रश्न आहे. ते तुमचं वर्तमानपत्र वाचतात, म्हणून इथे विचारते.

जाता जाता दोन गोष्टी तुमच्यासाठी. आमच्या समाजाबद्दलचा मजकूर तुमच्याकडे नाताळात आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येतो, एरवी नाही. त्यामुळे कालचा लेख पाहून आधी आनंदच झाला होता. म्हणूनच त्यात ढळढळीत चूक असावी, याचं जास्त वाईट वाटलं. "जीभ ही आग आहे" हे पौलाचं वाक्य म्हणून चौकटीत मोठ्या अक्षरात छापलं आहे. ते याकोबाचं आहे, ३:६. येत्या रविवारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापावी. आणि लेखकमहाशयांना पुढच्या लेखात चुगल्यांवर पुन्हा लिहायचं असेल, तर तीमथ्याच्या पत्राशेजारी दियत्रफेसाचं दहावं वचनही द्यायला सांगावं.

आपली,
एक वाचक भगिनी
(नाव-पत्ता कार्यालयात दिला आहे, छापू नये, ही विनंती.)