ऑर्कुट गेलं, आता नंबर कुणाचा?

संपादक साहेब,

सोशल साइटचे दिवस कसे पटकन भरतात ते बघायचं तर ऑर्कुट आठवा. 2004 च्या जानेवारीत गूगलने सुरू केलं, आधी तर आमंत्रणाशिवाय एन्ट्रीच नव्हती, आणि ब्राझीलसारखंच याड लागलं ते आपल्या लोकांना. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून पोरं स्क्रॅप (एकमेकांच्या पानावरचे निरोप) टाकायची, मित्रांच्या मागे लागून टेस्टिमोनियल (आपल्याबद्दलचे चार चांगले शब्द) लिहून घ्यायची, आणि आपलं प्रोफाइल कोण बघून गेलं ते दिसायचं त्यात तर निम्मी गंमत (आणि निम्मी भांडणं!). लोक म्हणतात फेसबुकने मारलं, मला ते पूर्ण पटत नाही, फेक प्रोफाइल आणि स्पॅमला लोक आधीच वैतागलेले, फेसबुकवर सगळ्यांचं सगळं आयतं समोर यायला लागलं मग कोण थांबतंय. 30 सप्टेंबर 2014 ला गूगलने शटर ओढलं.

आता आमच्या घरातली पोरं फेसबुकला काका-मावश्यांचा अड्डा म्हणतात आणि इन्स्टाग्रामवर पडीक असतात, तेही फेसबुकवाल्या मेटा कंपनीचंच की! ऑर्कुटवाल्यांना फोटो उतरवून घ्यायला 2016 पर्यंत मुदत तरी मिळाली, पुढच्यांचं काय, यावर पेपरात कुणीतरी नीट लिहा ना.

– एक जुना ऑर्कुटकर, नाशिक