खाणीआधी गाणी नोंदवा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

विदर्भातील कोळसा खाणींच्या कामगार वसाहतींत गाणाऱ्या भजनी मंडळांच्या आणि लोकगीतांच्या गटांच्या गायनाची पद्धतशीर नोंद आपल्या विभागाने करून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लोककलांच्या जतनासाठी आपल्याकडे रोज अर्ज येत असतील, याची मला कल्पना आहे. परंतु या मागणीला मुदत आहे आणि ती मुदत खाणीतला कोळसा ठरवतो.

वर्धा खोऱ्यातील खाणकाम इंग्रजी अमदानीपासूनचे आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि पुढे बल्लारपूरचे नाव झाले. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर दोन वर्षांनी, नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (वेकोलि) ही सरकारी कोळसा कंपनी स्थापन झाली. बल्लारपूर, माजरी, वणी, उमरेड अशा ठिकाणच्या वसाहतींमध्ये झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला शेतमजूर, तेलंगणातून आलेला कामगार, छत्तीसगडचा सतनामी आणि गोंड कुटुंबे एका भिंतीच्या अंतरावर राहू लागली. कुणी दंडार आणि खडी गंमत ही झाडीपट्टीची लोकनाट्ये घेऊन आले, कुणी पंथी आणि करमा ही नाचगाणी, कुणी तेलुगू भजने. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी तर या भागात आधीपासूनच घरोघर होती. पाळी सुटल्यावर एकत्र बसणाऱ्या माणसांमध्ये ठेके आणि चाली इकडून तिकडे जातातच. त्यामुळे वसाहतीतले गाणे मूळ गावच्या गाण्यासारखे तंतोतंत राहत नाही, आणि मला तर तेच त्याचे खरे मोल वाटते.

अडचणही इथेच आहे. आपल्याकडे लोककलांची दखल जिल्हा, जमात किंवा कलाप्रकार पाहून घेतली जाते आणि हे मिश्र गाणे त्यांपैकी कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेतही अर्ज एकेका व्यक्तीने करायचा असतो, पुरावे त्या व्यक्तीच्या नावाचे लागतात. बारा-पंधरा जणांत कोरसला उभा राहणारा निवृत्त टिंबरमन (खाणीच्या छताला लाकडी टेकू देणारा कामगार) कोणते प्रमाणपत्र जोडणार?

शिवाय या गाण्याला स्वतःचे गाव नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते. कुणी मुलाकडे नागपूरला जातो, कुणी बिलासपूरकडे परततो आणि मंडळातला एकेक आवाज कमी होतो. भूमिगत खाणींची जागा खुल्या खाणी घेत आहेत. जिथे पूर्वी माणसांच्या टोळ्या एकत्र उतरत आणि एकत्र वर येत, तिथे आता डंपरच्या केबिनमध्ये चालक एकटा असतो, आणि बरेच काम कंत्राटी झाल्यामुळे नव्या कामगाराला वसाहतीत घर मिळेलच असे नाही. म्हणजे खाण अधिकृतपणे बंद होण्याच्या कितीतरी आधी मंडळ संपलेले असते.

जगात इतरत्र काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. वेल्समध्ये कामगारांनी आपल्या पगारातून आठवड्याला काही पैसे देऊन सभागृहे आणि वाचनालये उभी केली; तिथल्या पुरुष गायकवृंदांना त्यांचा आधार मिळाला आणि दक्षिण वेल्सची शेवटची खोल खाण २००८ मध्ये बंद झाल्यावरही ते गात राहिले. जर्मनीत दगडी कोळशाची अखेरची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाणकामगारांचे पारंपरिक गीत गाण्याची प्रथा त्या देशाने २०२३ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली. आपल्या घरचे उदाहरण तर याहून मोठे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही घराघरांतली जाती थांबत चालली असताना.

पैशाची सबब इथे फारशी टिकणार नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार सामाजिक दायित्वाच्या निधीतून पारंपरिक कला आणि वारसा यांवर खर्च करता येतो, आणि सरकारी कोळसा कंपनीही त्याला अपवाद नाही. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीसाठी खाणबंदीचा आराखडा करावा लागतो व त्यासाठी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवावी लागते. माती, पाणी, झाडे यांचा विचार त्या आराखड्यात होतो, तर वसाहतीच्या गाण्याचाही त्यात समावेश व्हावा, अशी शिफारस आपण केंद्रीय कोळसा मंत्रालयाकडे करू शकता. ध्वनिमुद्रणाच्या कामात नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची मदत घेता येईल.

मात्र कृपा करून याचा महोत्सव करू नका. मंचावर दहा मिनिटे, रंगीत फेटे आणि सत्काराचे नारळ एवढ्यात हे गाणे मावत नाही. मुद्रण वसाहतीतच, रात्रभराच्या बैठकीचे व्हावे. ओळींचे अर्थ, चालीचा उगम आणि खाणीतले शब्द गाणाऱ्यांकडूनच विचारून लिहून घ्यावेत. त्यांना कामाचा मोबदला मिळावा, ध्वनिफितींवर मंडळाचा हक्क राहावा आणि एक प्रत वसाहतीच्या वाचनालयात ठेवली जावी. बायकांची मंडळे वगळू नयेत, कारण अशा पाहणीत बहुधा त्याच राहून जातात.

पुढील काही वर्षांत बंद होणाऱ्या खाणींची यादी वेकोलिकडून मागवून, त्या क्रमाने हे काम सुरू करण्याचे आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
कोळसा पट्ट्यातील एक श्रोता