मॉन्टेसरीची पाटी आणि दाराबाहेर राहिलेली मुले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत ‘मॉन्टेसरी’ अशा नव्या पाट्या दिसू लागतात. अशाच एका शाळेने माझ्या चार वर्षांच्या नातवाला प्रवेश नाकारला, कारण त्याच्या कानाला श्रवणयंत्र आहे. नकाराचे दुःख आहेच; परंतु तो ज्या नावाखाली मिळाला, त्याचे अधिक वाईट वाटले. बालशिक्षणाच्या या पद्धतीच्या जनक डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या शिक्षणकार्याची सुरुवातच मुळी मतिमंद म्हणून बाजूला सारलेल्या मुलांपासून झाली, आणि १९०७ साली त्यांनी रोममध्ये पहिले बालगृह उघडले तेही सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे हीच पद्धत महागड्या साधनांविना, परिसरात मिळणाऱ्या वस्तू वापरून आदिवासी पाड्यांपर्यंत नेली. मग ती आमच्याकडे केवळ फी भरू शकणाऱ्यांची कशी झाली?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना दरवर्षी दसऱ्यानंतर वर्ग रिकामा होताना पाहिला आहे. कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघाले की धाकटी मुलेही आईवडिलांबरोबर जात, फडाच्या कडेला पाचटावर दिवस काढत आणि पाडव्याच्या सुमारास परतत. सर्वांनी एकाच दिवशी एकच पान उलटायचे अशा वर्गात त्या मुलांवर ‘कच्चे’ हा शिक्का बसे, आणि तो मारणाऱ्यांत मीही होते, हे आज कबूल करते. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसवून प्रत्येकाला आपापल्या गतीने काम करू देणारी मॉन्टेसरी पद्धत नेमकी अशा मुलांच्या सोयीची आहे, कारण परत आलेले मूल जिथे थांबले होते तिथूनच पुन्हा सुरू करते आणि मोठे मूल धाकट्याला दाखवता दाखवता स्वतःही शिकते. पाणी न सांडता ओतणे, डाळी निवडून वेगळ्या करणे, आपले आसन आपणच गुंडाळून ठेवणे या साध्या कामांत कोणी मध्येच न टोकता मूल रमले, की त्याचे मन स्थिरावते; सहा महिने कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीत, राहून आलेल्या मुलाला अक्षरांआधी याची गरज असते.

एकत्र वयोगट तर आपल्या अंगणवाडीत आधीपासूनच आहे. उणीव आहे ती सेविकांच्या प्रशिक्षणाची, आणि पोषण आहार, वजने व नोंदी यांतून त्यांना मुलांसाठी उरणाऱ्या वेळेची. ही ओढाताण चालू असताना त्यांच्याकडून शांत, हसतमुख वर्गाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तरीही माझा नातू आज गावच्या अंगणवाडीत जातो, आणि तेथील ताई त्याला आपले ओठ दिसतील अशा बेताने समोर बसून बोलतात.

शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांचा आधार स्वतंत्रपणे चालणाऱ्या खासगी बालवाड्यांत मिळत नाही. म्हणून जिल्हा प्रशासनाने अशा बालवाड्यांची नोंदणी करताना दिव्यांग व स्थलांतरित मुलांच्या प्रवेशाची अट घालावी, आणि ऊसतोड हंगामाआधी प्रत्येक तालुक्यातील काही सेविकांना तरी या पद्धतीचे प्रशिक्षण द्यावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. गेवराई, जि. बीड