दिवाळीतल्या त्या रात्रीबद्दल

प्रतापनगर, नागपूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जानेवारीपासून तुझी बदली इथल्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या कार्यालयात झाल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस, तेव्हापासून तुझी आई वरच्या खोलीची आवराआवर करते आहे आणि मी हे पत्र लिहावे की तू आल्यावर समोर बसून बोलावे, या विचारात आहे. समोर बसलो की माझे बोलणे दोन वाक्यांत उपदेशाकडे वळते आणि तू मान हलवून उठून जातोस; म्हणून लिहायचे ठरवले.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालास की, आईला सांगा, घरात चिवडा, लाडू, बर्फी काहीही ठेवू नका, समोर दिसले की माझा ताबा राहत नाही. तुझ्या आईने लगेच होकार दिला. मी मात्र गप्प राहिलो, कारण मला भाऊबीजेची रात्र आठवली. दोन वाजले असतील. पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात फ्रिजच्या उघड्या दाराचा तेवढा उजेड होता आणि तू ओट्याशी उभा राहून संत्रा बर्फीच्या डब्यातून एकामागून एक वड्या खात होतास. माझी चाहूल लागताच तू डबा पाठीमागे नेलास. मी पाणी न पिताच परत फिरलो. सत्तावीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घरात खाण्याचा डबा बापापासून लपवावा लागतो, ही गोष्ट मला त्यानंतर कितीतरी दिवस झोपू देत नव्हती.

त्या रात्रीचा उलगडा मला पुढे हळूहळू झाला. त्याच दिवशी दुपारच्या पंगतीत, तुझे मामा, मावशी आणि सगळी भावंडे बसलेली असताना, मी तुझ्या पोटाकडे बोट दाखवून बोललो होतो. तू सगळ्यांबरोबर हसलास, पण त्यानंतर पानावर दुसरी पोळी घेतली नाहीस, वडाभात आईने आग्रहाने वाढला तो तसाच ठेवलास आणि रात्री भूक नाही असे सांगून वर निघून गेलास. अर्धवट राहिलेली भूक आणि मनाला लागलेले बोलणे असे दोन्ही एकत्र घेऊन तू झोपायला गेलास. रात्री दोन वाजता जे झाले, त्याची सुरुवात दुपारी दीड वाजता झाली होती आणि ती माझ्या तोंडून झाली होती. त्याबद्दल मी तुझी मनापासून क्षमा मागतो. या घरात यापुढे तुझ्या शरीराविषयी कोणीही, पाहुण्यांपैकीसुद्धा कोणी, असे बोलणार नाही, याची जबाबदारी माझी.

म्हणूनच केवळ डबे रिकामे करून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. रात्रीची ती भूक सकाळपासून तयार होत असते, आणि जे करायचे ते सकाळपासूनच करावे लागेल.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता. त्यांना चोवीस आठवडे जवळजवळ अर्धपोटी ठेवण्यात आले. वजन तर घटलेच, पण ते तरुण चिडचिडे आणि खिन्न झाले, त्यांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेना, काही जण तर पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. पुढे पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांतल्या अनेकांनी अवाढव्य प्रमाणात खाल्ले आणि तरीही तृप्ती झाली नाही असे सांगितले. ही माणसे दुबळ्या मनाची नव्हती. उपाशी ठेवलेले शरीर असेच वागते. तू सोमवारी सकाळी चहावर राहतोस, दुपारी काकडी-टोमॅटो खाऊन उठतोस आणि रात्री अकराला मोबाईलवरून बिर्याणी मागवतोस, तेव्हा स्वतःला निर्धार नसलेला माणूस ठरवतोस. माझ्या मते तुझा निर्धार गरजेपेक्षा जास्तच आहे, फक्त तो चुकीच्या वेळी, म्हणजे सकाळी आणि दुपारी, खर्च होतो.

त्यात अपुरी झोप भर घालते. झोप कमी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते. ताण दीर्घकाळ राहिला तर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते आणि जीभ गोड आणि तळलेले मागू लागते. भात-वरणाची आठवण न येता बर्फीची येते, ती यामुळेही.

पण सगळा दोष या संप्रेरकांवर टाकून मी मोकळा होणार नाही. आमच्या घराची एक रीत होती. तू लहानपणी पडलास की हातात पेढा, शाळेत कोणाशी भांडून आलास की आलूबोंडा, दहावीला गणितात कमी गुण पडले तेव्हा मी तुला एक शब्दही न विचारता सीताबर्डीला नेऊन आइस्क्रीम खाऊ घातले होते. मला वाटले होते, मी तुझे दुःख हलके केले. प्रत्यक्षात मी तुला एवढेच शिकवले की दुःख झाले की बोलायचे नसते, खायचे असते. मीही तेच शिकून मोठा झालो होतो. नोकरीत माझ्यावर एक चौकशी लागली होती, ती दीड वर्ष चालली. त्या काळात मी रोज संध्याकाळी घरी येण्याआधी एका टपरीवर थांबून दोन आलूबोंडे आणि वर तर्री खात असे आणि मग घरी येऊन नेहमीसारखा जेवत असे. तुझ्या आईला ना चौकशीचे सांगितले, ना टपरीचे. पुढे मधुमेह निघाला. त्याला आनुवंशिकता, वय अशी इतरही कारणे असतात हे मला ठाऊक आहे, तरी मी ती दीड वर्षे विसरू शकत नाही. माझ्या मधुमेहामुळे तुलाही तो होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक आहे, म्हणून वर्षातून एकदा रक्तातील साखर तपासून घे आणि कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आहे ना ते पाहत जा. वजनकाट्यावर मात्र रोज उभा राहू नकोस. एक-दोन दिवसांतला फरक बहुतेक पाण्याचा असतो आणि त्यावरून तू उगाच दिवसभर उपाशी राहशील.

आता जानेवारीपासूनचे. सकाळी घरातून न खाता निघायचे नाही, ही एकच गोष्ट मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडचे तर्री-पोहे मला वाईट वाटत नाहीत. तर्रीवरचे तेल बाजूला सारून खालचे हरभरे भरपूर घेतले तर पोह्यांना प्रथिनांची जोड मिळते आणि दुपारपर्यंत पोट धरून राहते. दुपारचा डबा आई देईल: ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, जवसाची चटणी, दही. तू येशील तेव्हा तुरीच्या शेंगांचा हंगाम असेल, म्हणजे सोल्यांची भाजी असेलच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. मी गंमत म्हणून नव्हे, तर खरोखर जाणून घ्यायला, आपल्या तिघांची भाजी एक दिवस तोलून पाहिली, तर ती माणशी त्याच्या निम्मीसुद्धा भरली नाही. पोळ्या आणि भात मात्र भरपूर होते. तेव्हापासून ताटातली भाजीची जागा आम्ही वाढवली आहे. संत्री घरात असतीलच, पण रस काढून पिऊ नकोस, फोडी खा. चोथ्यासकट खाल्लेले फळ पोटात टिकते.

जेवताना घाई करू नकोस. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात आणि तू सात मिनिटांत पानावरून उठतोस.

व्यायामाबाबत तू मागे जिमचे वर्षभराचे पैसे भरून तीन आठवडे गेलास आणि नंतर ती गोष्ट काढली की तुझा चेहरा पडू लागला. त्यामुळे या वेळी लहान सुरुवात असावी असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. अंबाझरीच्या बाजूला झपझप चालून आलो की तेवढे होते. मी रोज सहाला निघतो. जानेवारीतल्या पहाटे कानटोपी लागेल, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा साडेपाचलाच निघावे लागेल. संध्याकाळी फुटाळ्याला चालायला जाण्याचा बेत करू नकोस. तिथे चालण्यापेक्षा गाड्यांसमोर थांबणेच जास्त होते. ताकदीसाठी यंत्रांची गरज नाही. तुझे आजोबा महालातल्या आखाड्यात जात आणि साठीनंतरही घरी बैठका काढत. तू दहा बैठका आणि पाच जोर यांपासून सुरू कर. रात्री जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे शतपावली आपण दोघे करू. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातील साखर फार चढत नाही हे मी स्वतः यंत्रावर बोट टोचून पाहिले आहे.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरपाई करू नकोस, आणि रात्री जास्त खाल्ले गेले म्हणून सकाळी लंघन करू नकोस. शिक्षा म्हणून केलेला व्यायाम आणि शिक्षा म्हणून केलेला उपास, या दोहोंनी ते चक्र पुन्हा फिरू लागते.

आणि तरीही रात्री मन खायला मागेल. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि तिला भाकरीही चालते. मनाची भूक एकदम येते आणि तिला ठरावीक पदार्थच हवा असतो. एवढ्या फरकाने दर वेळी ओळख पटेलच असे नाही, पण पुष्कळदा पटते. तशी वेळ आली की आधी दहा मिनिटे थांब आणि एका वहीत त्या दिवशी काय घडले ते दोन ओळींत लिही. किती खाल्ले ते लिहू नकोस, कोणाचे बोलणे लागले, कोणते काम अडले, कोणाची आठवण आली, ते लिही. मी गेल्या महिन्यापासून अशी वही ठेवतो आहे, आणि मला गोड खावेसे वाटण्याच्या बहुतेक वेळा तुझ्या काकांशी जमिनीबद्दल फोनवर बोलणे झाल्यानंतरच्या आहेत, हे मला त्या वहीमुळेच कळले. दहा मिनिटांनंतरही बर्फी हवीशी वाटली तर खा. पण दिवा लाव, बशीत दोन वड्या घे, खुर्चीवर बस आणि चव घेऊन खा. मला हाक मारलीस तर मीही येऊन बसेन. काही विचारणार नाही.

घरात बर्फी राहील, हे यावरून तुझ्या लक्षात आले असेल. ती कुलपात राहणार नाही आणि ढिगानेही येणार नाही; सणाला येईल, पाव किलो येईल आणि सगळ्यांच्या पानात पडेल. सावजीचे मटण महिन्यातून एकदा जसे होते तसे होईल. जो पदार्थ कायमचा बंद केला, त्याचीच ओढ तुला सर्वांत जास्त लागते, हे तू शाळेत असल्यापासून मी पाहत आलो आहे.

एक गोष्ट मात्र तू मनावर घ्यावीस. थोड्या वेळात खूप खाल्ले जाणे, थांबावेसे वाटूनही थांबता न येणे, लाजेने एकट्यानेच खाणे आणि नंतर स्वतःचा तिटकारा येणे, हे आठवड्यातून एकदा तरी, आणि असे तीन महिने, होत असेल तर त्याला वैद्यकशास्त्र आजार मानते; अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ पासून त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले आहे. तुला तो आहे असे मी म्हणत नाही, ते ठरवणे माझे काम नव्हे. पण त्यावर बोलण्यावर आधारलेले उपचार आहेत आणि त्यांनी माणसे बरी होतात. तुझ्या कार्यालयाजवळ मिहानमध्येच एम्स आहे, आपल्याकडे मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आहे. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. कोणाला न भेटता नुसते बोलावेसे वाटले तर सरकारचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालू असतो, विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. तू म्हणशील तर मी बरोबर येईन, एकट्याने जावेसे वाटले तर एकटा जा. माझ्या मधुमेहाच्या गोळ्या मी जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर घेतो. मनाच्या उपचारासाठी आडोसा शोधावा असे या घरात तुला वाटू नये.

हे पत्र तुझ्या आईने वाचले आहे. रात्री दोन वाजताची हकीकत तिला मी आधी सांगितली नव्हती, ती वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने आग्रह करून वाढणे बंद करण्याचे आपणहून कबूल केले. तिला ते जड जाणार आहे, तेव्हा सुरुवातीला तिने चुकून वाढलेच तर रागावू नकोस. "आई, पुरे" एवढे म्हण.

तुझ्या कामाच्या वेळा अजून तू कळवल्या नाहीस. रात्री आठपर्यंत घरी पोहोचणार असशील तर आपण तिघे एकत्र जेवू. त्याहून उशीर होणार असेल तर संध्याकाळी पाचच्या सुमारास खायला भाजलेले फुटाणे आणि एखादे संत्रे डब्यात वेगळे द्यावे लागेल. नेमकी वेळ लिही, म्हणजे आईला तसे ठरवता येईल. चालण्याचे बूट पुण्याहून येताना आण, इथले तुझे जुने बूट उसवले आहेत.

तुझे
बाबा